भांगेच्या तेलाआधी चाचणी दाखवा

इंदूरमध्ये आबकारी खात्याचा परवाना असलेल्या दुकानातून भांग विकत घेता येते. महाशिवरात्रीला तिथे गर्दी उसळते, आणि तासाभरावरच्या उज्जैनला तर महाकालाचा शृंगारच भांगेने होतो. त्याच झाडाचा फुलोरा खिशात सापडला की मात्र १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा, कायदा आडवा येतो. एक किलोपर्यंतचा गांजा ही त्या कायद्यात 'अल्प मात्रा', आणि तिलाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पानं चालतात, बिया चालतात, फुलं चालत नाहीत. कायद्याने एकाच झाडाची अशी वाटणी केली आहे.

या विषयावर आपल्याकडे जो वाद होतो तो सगळा झाडावरून होतो. एक बाजू सांगते की भांगेचा उल्लेख अथर्ववेदात आहे, शंकराला ती प्रिय आहे, बंदी तर १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आपल्या गळ्यात पडली. दुसरी बाजू सांगते की एकदा दार उघडलं की तरुण पोरं वाया जाणार. मला या वादात आता फारसा रस वाटत नाही. कॅनाबिनॉइडचं, म्हणजे गांजा-भांगेतल्या आणि तशाच द्रव्यांचं, संशोधन गेल्या तीस-पस्तीस वर्षांत झाडातून निघून आपल्या शरीरात शिरलं आहे आणि तिथे त्याची गाठ एका एन्झाइमशी, म्हणजे पेशीतली द्रव्यं मोडणाऱ्या-जोडणाऱ्या एका प्रथिनाशी, पडली आहे. त्या एन्झाइमची हकिगत नीट वाचली तर खरा प्रश्न माणसांवरच्या चाचणीचा आहे हे दिसतं. चाचणी कोण करतं, कोणावर करतं, आणि निकाल कोणाला दाखवतं? या प्रश्नावर तोंड उघडायचा इंदूरला देशातल्या कुठल्याही शहराइतकाच, कदाचित जास्तच, हक्क आहे.

आधी ते एन्झाइम.

गांजाची नशा ज्या द्रव्याने चढते त्या टीएचसीची रचना १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. ते मेंदूत नेमकं कुठे जाऊन चिकटतं हे समजायला मात्र आणखी चोवीस वर्षं गेली. १९८८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी ती जागा दाखवली, दोन वर्षांत तिचं जनुकही हाती आलं. या ग्राहीला सीबी-१ म्हणतात. आता मेंदूत अशी जागा असेल तर तिथे शरीराचं स्वतःचं काहीतरी बसत असणार, हे उघड होतं. १९९२ मध्ये जेरुसलेमला मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि संस्कृतातल्या 'आनंद'वरून त्याचं नाव 'आनंदामाइड' ठेवलं गेलं. आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर हे नाव फार लाडकं आहे. नावापुढे काय झालं ते तिथे कोणी लिहीत नाही.

आनंदामाइड साठवून ठेवलं जात नाही. गरज पडली की पेशीच्या पटलातल्या स्निग्ध पदार्थांपासून ते तिथल्या तिथे तयार होतं, शेजारच्या पेशीला 'जरा दमानं घे' असा निरोप देतं आणि थोड्याच वेळात मोडून टाकलं जातं. हे मोडण्याचं काम ज्या एन्झाइमकडे आहे त्याचं पूर्ण नाव फॅटी अ‍ॅसिड अमाइड हायड्रोलेज. संशोधक त्याच्या आद्याक्षरांवरून 'फाह' म्हणतात, आपणही तसंच म्हणू. ते आनंदामाइडचे दोन तुकडे करतं, अ‍ॅराकिडोनिक आम्ल आणि इथेनॉलअमाइन. असं काहीतरी मोडणारं पेशीत आहे हे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात दिसलं होतं. त्याचं जनुक १९९६ मध्ये बेंजामिन क्रावॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. शरीरातलं दुसरं गांजासदृश द्रव्य, टू-एजी, मेंदूत आनंदामाइडपेक्षा कितीतरी जास्त असतं, पण ते मोडणारं मुख्य एन्झाइम वेगळं आहे. त्याची कथा इथे नको.

औषधवाल्यांना फाहमध्ये रस का वाटला, ते सांगतो. न्हाणीघरात पाणी साचवायचं असेल तर बाहेरून बादल्या आणून ओतता येतात, किंवा मोरीला बोळा लावता येतो. गांजा ओढणं म्हणजे बादल्या ओतणं. टीएचसी फाहला जुमानत नाही, ते मोडतं यकृतातली वेगळी एन्झाइमं, म्हणून ते मेंदूत तासन्‌तास, हव्या-नको त्या सगळ्या ठिकाणी बसून राहतं. फाह रोखणं म्हणजे मोरीला बोळा. जिथे शरीर स्वतः आनंदामाइड बनवत आहे, म्हणजे जिथे दुखत आहे किंवा ताण आहे, तिथेच त्याची पातळी वाढेल. नशा चढणार नाही, व्यसन लागणार नाही. कागदावर ही कल्पना इतकी देखणी होती की तिच्या प्रेमात न पडणं अवघड होतं.

याच फाहचा आपल्या रोजच्या जगण्याशी असलेला एक संबंध फार कमी लोकांना ठाऊक असतो. ताप आला, डोकं दुखलं की आपण जी पॅरासिटामॉलची गोळी घेतो, तिचा एक अंश यकृतात बदलतो आणि मेंदूत पोचल्यावर फाह त्याला अ‍ॅराकिडोनिक आम्लाशी जोडून एक नवंच द्रव्य बनवतं. स्वीडनमधल्या लुंड इथल्या संशोधकांनी हे २००५ मध्ये दाखवलं. ज्या उंदरांमध्ये फाह नव्हतं, त्यांच्यात हे द्रव्य तयारच झालं नाही. म्हणजे जे एन्झाइम बंद करून वेदना कमी करायची योजना होती, तेच एन्झाइम सुरू असल्यामुळे आपली घरगुती गोळीही काही अंशी काम करत असावी. एकच एन्झाइम एका ठिकाणी मोडतं, दुसऱ्या ठिकाणी जोडतं. शरीरातली कुठलीही एक कळ दाबून एकच दिवा लावता येत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगून सांगून औषधशास्त्राच्या मास्तरांचा घसा बसतो.

तरीही आशेला आधार होता. २००१ मध्ये फाहचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या मेंदूत आनंदामाइड पंधरापटीने जास्त होतं आणि त्यांना वेदना कमी जाणवत होती. पुढे, २०१९ मध्ये, स्कॉटलंडमधल्या सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंची नोंद प्रसिद्ध झाली. हाताच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना जवळपास दुखलंच नाही, म्हणून भूलतज्ज्ञाचं कुतूहल चाळवलं. त्यांच्या जनुकांत फाहच्या शेजारचा एक तुकडा गळालेला निघाला. खुद्द फाहच्या जनुकातही एक बदल होता. भाजलं तरी चटका कळायचा नाही, चिंता-भीती जवळपास नाही, जखमा लवकर भरायच्या, आणि विसराळूपणा मात्र होता. अशी बाई समोर असताना फाह रोखणारं औषध येणारच, असं कोणालाही वाटेल.

माणसांवरच्या प्रयोगांनी मात्र वेगळं सांगितलं. फायझर कंपनीने पीएफ-०४४५७८४५ नावाचं फाहरोधक बनवलं आणि गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांना दिलं. निकाल २०१२ मध्ये छापून आला. औषधाने फाह ९६ टक्क्यांहून जास्त बंद केलं, रक्तातलं आनंदामाइड कित्येक पटींनी वाढलं आणि गुडघ्याचं दुखणं औषध नसलेल्या खोट्या गोळीइतकंच राहिलं. त्याच चाचणीत तुलनेसाठी दिलेल्या नॅप्रोक्सेनने, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे मिळणाऱ्या जुन्या औषधाने, फरक पडला. मोरीला बोळा अगदी घट्ट बसला होता, पाणीही चढलं होतं, आणि तरी उपयोग शून्य. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत मोलाची चाचणी हीच, कारण ती फसली आणि तरी छापली गेली. पुढे हेच औषध गांजाचं व्यसन सोडताना होणारा त्रास कमी करतं का, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं. २०१९ च्या त्यांच्या निबंधात पुरुषांमध्ये त्रास आणि गांजाचं सेवन दोन्ही कमी झाल्याचं दिसलं. आधीची माहिती उघड नसती तर त्या रेणूला ही दुसरी संधी मिळाली नसती.

आता रेन.

फ्रान्सच्या वायव्येला रेन नावाचं शहर आहे. पोर्तुगालच्या बियाल कंपनीने बीआयए १०-२४७४ नावाचं स्वतःचं फाहरोधक तिथल्या एका खासगी चाचणी केंद्रात निरोगी माणसांवर तपासायला दिलं. सहभागी झालेल्यांना सुमारे १९०० युरो मिळणार होते. मात्रा टप्प्याटप्प्याने वाढत गेली: रोज २.५ मिलिग्रॅम, मग ५, मग १०, मग २०. शेवटच्या गटासाठी ती एकदम ५० वर नेली. खरं तर फाह पूर्ण बंद व्हायला याच्या कितीतरी कमी मात्रा पुरत होती. त्याच्यापुढे मात्रा वाढवून औषधाचा हेतू आणखी साधणार नव्हता. ५० मिलिग्रॅमच्या गटातल्या एका माणसाची तब्येत पाचव्या दिवशी, १० जानेवारी २०१६ ला, रविवारी, बिघडली. संध्याकाळी त्याला रुग्णालयात हलवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गटातल्या उरलेल्या पाच जणांना ठरल्याप्रमाणे सहावा डोस दिला गेला. १७ तारखेला तो पहिला माणूस दगावला. उरलेल्यांपैकी चौघांना मेंदूशी संबंधित त्रास झाला.

फ्रेंच सरकारच्या चौकशीत तीन मोठे दोष निघाले. पहिला माणूस रुग्णालयात असताना चाचणी थांबवली नाही. गंभीर घटना औषध नियंत्रकाला कळवायला उशीर केला. आणि तिसरा दोष असा की उरलेल्या स्वयंसेवकांना त्यांच्याच गटातल्या माणसाचं काय झालं हे नीट सांगून, 'तुम्ही अजूनही तयार आहात का?' असं पुन्हा विचारलं नाही. मला हा तिसरा दोष सर्वांत जड वाटतो. संमतीचा कागद त्या पाचही जणांनी रीतसर सही करून दिलेला होता. सोमवारी सकाळी मात्र त्या कागदामागची परिस्थिती बदलली होती, आणि ती बदलली आहे हे ज्यांना माहीत होतं त्यांच्या हातात डोस होता.

फाह रोखल्यामुळे हे घडलं का? तसं दिसत नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संशोधकांनी दाखवलं की बीआयए १०-२४७४ फाहबरोबरच चेतापेशींमधल्या इतरही अनेक स्निग्धपदार्थ मोडणाऱ्या एन्झाइमांना पकडतं. फायझरचं औषध तसं करत नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने त्याआधीच, २०१६ च्या ऑगस्टमध्ये, आपल्याकडे जमा असलेली इतर फाहरोधकांची माहिती तपासून सांगितलं होतं की ही विषबाधा त्या एका रेणूची आहे, सगळ्या गटाची नाही. नियंत्रकाकडे आधीच्या चाचण्यांची माहिती होती म्हणून तो हे सांगू शकला. ती कंपन्यांच्या कपाटांत कुलूपबंद असती, तर एक तर सगळं संशोधन भीतीने थांबलं असतं, किंवा सगळं तसंच पुढे रेटलं गेलं असतं.

रेनची बातमी आली तेव्हा इंदूरमध्ये औषधचाचणी हा शब्द नवा नव्हता. २०१० च्या सुमारास इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि काही खासगी दवाखान्यांत चाललेल्या चाचण्यांची प्रकरणं बाहेर आली. लहान मुलं, मनोरुग्ण, निमाडातून आणि झाबुआ-अलिराजपूरकडून उपचारासाठी आलेले गरीब लोक यांच्यावर औषधं तपासली गेली आणि आपण चाचणीत आहोत हेच अनेकांना ठाऊक नव्हतं, असे आरोप झाले. विधानसभेत प्रश्न विचारले गेले. बारा डॉक्टरांना प्रत्येकी पाच हजार रुपये दंड झाला. त्या वेळी शहरात अनेकांनी हा आकडा ऐकून आधी कान चोळले. परदेशी वर्तमानपत्रांना तर तो शंभर डॉलरच्या आत बसवून छापताना मजाच वाटली असणार.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि याबद्दल आपण आपल्या शहराला पुरेसं श्रेय देत नाही. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. देशभरातल्या चाचण्यांचे नियम बदलण्यामागे त्या याचिकेचा मोठा वाटा आहे. ३० जानेवारी २०१३ ला नुकसानभरपाईचा नियम आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तीन कसोट्या घालून दिल्या: धोक्याच्या तुलनेत फायदा किती, आज उपलब्ध असलेल्या उपचारांपेक्षा नवं काय, आणि देशात त्या औषधाची गरज खरोखर आहे का. संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करायचं हेही तेव्हाच पुढे आलं, नंतर ते दुर्बल गटांपुरतं राहिलं. मार्च २०१९ मध्ये हे सगळं नव्या औषध आणि चाचणी नियमांत बांधलं गेलं. नैतिकता समितीतले निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. चाचणीत मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्रच ठरलेलं आहे: आठ लाख गुणिले वयाचा गुणांक गुणिले जोखमीचा गुणांक, भागिले ९९.३७. निरोगी स्वयंसेवकाला जोखमीचा गुणांक चार, सहा महिन्यांच्या आत जाणाऱ्या रुग्णाला अर्धा. तिशीतल्या निरोगी माणसासाठी रक्कम साठ लाखांच्या वर जाते. सूत्र वाचताना अंगावर काटा येतो हे खरं, पण सूत्र असणं हे पाच हजारांच्या दंडापेक्षा बरं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आज गांजा-भांगेची औषधं म्हणून जे बाजारात येत आहे, ते या सगळ्या व्यवस्थेला वळसा घालून येत आहे.

ऑनलाइन दुकानांत 'विजया'चा (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) अर्क, भांगेच्या पानांचं सीबीडी तेल (सीबीडी म्हणजे त्याच झाडातलं, पण नशा न चढवणारं द्रव्य), झोपेसाठी, चिंतेसाठी, सांधेदुखीसाठी म्हणून उघड विकलं जातं. परवाना आयुर्वेदिक औषधाचा. २०१९ चे चाचणी नियम आयुर्वेदिक औषधांना लागू नाहीत. ग्रंथोक्त औषधाला ग्रंथाचा आधार पुरतो. भांग औषध आणि सौंदर्यप्रसाधन नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई-१ मध्ये, अफू आणि धोतऱ्याच्या पंगतीला बसलेली आहे. त्यामुळे 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असं बाटलीवर लिहावं लागतं. देखरेख मात्र बहुतेक वेळा व्हिडिओ कॉलवर काही मिनिटांत उरकते.

या विक्रीतल्या जाहिरातींमध्ये आपलं फाह पुन्हा भेटतं, म्हणून मी ही एवढी लांबण लावली. दावा असा: सीबीडी फाहला रोखतं, त्यामुळे तुमचं स्वतःचं आनंदामाइड वाढतं, म्हणून हे 'नैसर्गिक' आहे. ऐकायला वैज्ञानिक वाटतं. ही गोष्ट मुळात उंदरांच्या फाहवरच्या प्रयोगांतून आलेली आहे. २०१५ मध्ये स्टोनी ब्रुकच्याच संशोधकांनी दाखवलं की माणसाचं फाह सीबीडीने रोखलं जात नाही. फार तर आनंदामाइडला पेशीत वाहून नेणाऱ्या प्रथिनांवर त्याचा परिणाम होत असावा. जर्मनीतल्या २०१२ च्या एका चाचणीत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये सीबीडीने आनंदामाइड वाढलेलं दिसलं होतं, हे मान्य. पण ते दवाखान्यात दाखल रुग्णांना मोजून दिलेल्या मोठ्या मात्रेवर होतं, जिभेखाली टाकायच्या थेंबांवर नाही. आणि माणसाचं फाह जवळजवळ पूर्ण बंद करूनही गुडघ्याला काडीचा आराम पडला नाही, हे फायझरने स्वतःच्या पैशाने सिद्ध करून ठेवलेलं आहे. मग 'फाह रोखतं म्हणून सांधेदुखी जाते' असं लिहिणाऱ्याने आधी हा निकाल वाचायला नको का?

सीबीडी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं, तेही खोट्या औषधाशी तुलना करणाऱ्या रीतसर चाचण्यांनंतर. त्या चाचण्यांतच यकृतावर होणारा परिणाम आणि इतर औषधांशी होणारा झगडा लक्षात आला. आपल्याकडचा तेल घेणारा साठीचा माणूस सोबत रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर त्याला हे कोण सांगणार?

उलट बाजूचं एक म्हणणं मला पटतं. भारतात या झाडावर संशोधन करणं हाच एक छळ आहे. एनडीपीएस कायदा वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाला मुभा देतो, पण ती मिळवण्यासाठी केंद्र, राज्य, आबकारी, पोलीस अशा दारांच्या चकरा माराव्या लागतात. जम्मूच्या सीएसआयआरच्या संस्थेसारख्या मोजक्या जागा सोडल्या तर लागवडीपासून रेणूपर्यंत काम करायची सोय फार थोड्यांकडे आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. बाहेर एक आणि घरात दुसरं, हे शोभत नाही. प्रयोगशाळेतलं, परीक्षानळीतलं, प्राण्यांवरचं काम सोपं करा. त्यासाठी कोणी भांडत असेल तर मी त्याच्या बाजूला उभा राहीन.

कायदा सैल होऊ शकतो याचा पुरावाही आपल्या माळव्यातच आहे. मंदसौर-नीमचची अफू परवान्यावर पिकते, नीमचला सरकारी कारखाना त्यातून अल्कलॉइड काढतो, आणि तरी कित्येक वर्षं आपल्याच कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फीन मिळत नव्हतं, कारण प्रत्येक राज्याचे परवाने वेगळे आणि दवाखान्यांना त्या भानगडीत पडायचं नव्हतं. २०१४ च्या दुरुस्तीने 'आवश्यक मादक औषधं' असा वर्ग करून देशभर एकच नियम केला. मॉर्फीनच्या बाजूने पुरावा होता, डॉक्टर आणि रुग्णांच्या घरच्यांनी तो वर्षानुवर्षं मांडला, तेव्हा ते झालं. वेदनेच्या नावाने दार ठोठावणाऱ्या प्रत्येक बाटलीला तीच सवलत द्यायची तर तिच्याकडेही तेवढाच पुरावा मागायला हवा.

'हजारो वर्षांचा अनुभव आहे' हा युक्तिवाद मला सर्वांत कच्चा वाटतो. अनुभव होता भांगेच्या चूर्णाचा, ठंडाईचा, ग्रंथांतल्या पाकांचा. एकाच द्रव्याची मात्रा वाढवलेल्या अर्काचा नाही. अनुभव मोजायचा असेल तर तो कसा मोजतात याचं उदाहरणही इथूनच जवळ आहे. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने भांग-गांजाची चौकशी करायला आयोग नेमला. मध्य प्रांतातल्या गांजाची शेती तेव्हा खांडव्याच्या आसपास होत असे, म्हणजे इंदूरहून बसने काही तासांवर. आयोगाने एक हजाराहून जास्त साक्षीदार तपासले, वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या उघडल्या आणि पाहिलं, तर 'गांजाने वेड लागलं' ही कारणं पुष्कळदा पोलिसांनी किंवा कारकुनाने अंदाजाने लिहिलेली होती. माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही आणि सरसकट बंदी नको, असं आयोगाने म्हटलं. गोऱ्या सरकारला महसूल हवा होता, हे विसरू नये. तरी नोंदवही उघडून कारण खरंच तपासायची ती शिस्त आजच्या तेलवाल्यांकडे नाही, आणि गांजाच्या नावाने बोंब मारणाऱ्यांकडेही नाही.

एक भीती उद्योगाकडून नेहमी घातली जाते: नियम कडक केले की चाचण्या परदेशी जातील. २०१३ नंतर भारतात मंजूर होणाऱ्या चाचण्या खरोखर झपाट्याने घटल्या. पण त्याचं खापर इंदूरच्या याचिकेवर फोडणं म्हणजे अपघात झाल्यावर सिग्नल लावणाऱ्याला ट्रॅफिकसाठी बोलणं. रोगी माणूस चाचणीत येतो तो विश्वासाने. तो विश्वास एकदा गेला की कुठलाही कंपनी-मित्र नियम तो परत आणत नाही. एमवायच्या, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाच्या, दारात बसलेल्या नातेवाइकाला आजही 'नवी दवाई' म्हटलं की तो आधी डॉक्टरच्या तोंडाकडे बघतो.

म्हणून माझी मागणी सरकारकडे, आणि विशेषतः इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या नैतिकता समित्यांकडे आहे. कॅनाबिनॉइड असलेलं कुठलंही उत्पादन, त्याच्यावर आयुर्वेदाचा शिक्का असो की आधुनिक औषधाचा, एखाद्या रोगावर चालतं असा दावा करत असेल तर त्याला त्या रोगावरची नोंदणीकृत चाचणी हवी आणि तिचा भारतीय चाचणी नोंदणीचा क्रमांक बाटलीवर छापलेला हवा. ही नोंदणी २००७ पासून आहे, २००९ पासून नव्या औषधांसाठी सक्तीची आहे, कोणीही संगणकावर उघडून पाहू शकतं; फक्त भांगेच्या तेलाच्या दुकानदाराला तिथे जायची गरज आजवर पडलेली नाही. निकाल वाईट आला तरी ठरलेल्या मुदतीत छापला पाहिजे. फायझरचा गुडघ्यांचा निकाल छापला नसता तर आपण आज कुठल्या थापा ऐकत असतो याची कल्पना करा.

आणि संमती. निमाडातून आलेल्या बाईला निमाडीत, झाबुआच्या माणसाला भिलीत, रामबागेतल्या आजोबांना मराठीत सांगितलं गेलं पाहिजे, आणि सांगणारा औषध देणारा डॉक्टर नसावा. चाचणीत कोणी गंभीर आजारी पडलं तर पुढचा डोस देण्याआधी प्रत्येक सहभागीला ते कळवून नव्याने संमती घ्यावी, ती ध्वनिमुद्रित व्हावी, आणि ज्याला थांबायचं आहे त्याचा उपचार त्यामुळे एका दिवसानेही रखडू नये. रेनमधल्या त्या पाच जणांना सोमवारी सकाळी विचारलं असतं तर किती जणांनी हात पुढे केला असता?